वर्गणी, देणगी आणि दिवाबत्ती

सार्वजनिक वाचनालयाचा वार्षिक अहवाल सहसा कुणी वाचत नाही. वाचलाच तर पुढून वाचतो : अध्यक्षांचे मनोगत, कार्यवाहांचे निवेदन, वर्षभरात झालेल्या व्याख्यानांची यादी, पाहुण्यांच्या सत्काराची छायाचित्रे. मला मात्र हे अहवाल मागून वाचायची सवय लागली आहे. मागच्या पानांवर बारीक टायपात दोन गोष्टी असतात, जमाखर्च आणि देणगीदारांची नावे. कुणी मातोश्रींच्या स्मरणार्थ पाचशे एक दिलेले असतात, कुणी नातवाच्या मुंजीनिमित्त हजार एक, आणि एखाद्या ओळीत नुसतेच 'एक वाचक' आणि पुढे एकशे एक. त्या वरच्या एका रुपयाची मला फार गंमत वाटते. हिशेबनीसाच्या दृष्टीने तो कटकटीचा. पण देणाऱ्याच्या मनात तो रुपया म्हणजे शेवट नव्हे, पुढच्या देण्याची सुरुवात असते.

ठाणे, कल्याण, डोंबिवली या पट्ट्यात वाचनालये पावणेदोनशे वर्षे टिकून आहेत. ती कुणाच्या पैशावर टिकली, याचा शोध घेताना मी आधी मोठ्या गोष्टींकडेच पाहिले : संस्थानिक, शेठ-सावकार, सरकार, मदतीचे नाट्यप्रयोग. त्या प्रत्येकाचा वाटा आहेच. पण दरमहा दिवा कुणी लावला, झाडू कुणी मारला, वर्तमानपत्राचे बिल कुणी भरले, असे विचारत गेलो की बोट पुन्हा त्या मागच्या पानावरच येऊन थांबते.

ठाणे नगर वाचन मंदिराची स्थापना १८५० ची. म्हणजे बोरीबंदरहून पहिली आगगाडी ठाण्यास आली (१६ एप्रिल १८५३) त्याच्या तीन वर्षे आधीची. गावाला स्टेशन मिळण्यापूर्वी वाचनालय मिळाले, ही ठाणेकरांनी मिरवावी अशी गोष्ट आहे आणि आश्चर्य म्हणजे ते ती फारशी मिरवत नाहीत. त्या काळात मुंबई इलाख्यात जिल्ह्याच्या ठिकाणी 'नेटिव्ह जनरल लायब्ररी' निघण्याची लाटच होती. रत्नागिरीची सुरुवात १८२८ ची, नाशिकची १८४० ची, पुण्याची १८४८ ची. पुण्याच्या वाचनालयामागे लोकहितवादींची खटपट होती. या संस्थांचा साचा साधारण सारखा होता. गोरे साहेब, मामलेदार, मुन्सफ, वकील, शाळाखात्यातली मंडळी यांनी एकरकमी देणगी द्यायची आणि मग दरमहा वर्गणीवर वर्तमानपत्रे व पुस्तके आणायची. ज्याची वर्गणी जास्त त्याला पुस्तके जास्त. 'सार्वजनिक' या शब्दाचा त्या काळचा अर्थ 'सर्वांना फुकट' असा नव्हता. 'जो वर्गणी देईल त्याला, जात न विचारता' असा होता, निदान कागदावर तरी. प्रत्यक्षात वर्गणी परवडणारे कोण होते हे उघड आहे.

कल्याणचे सार्वजनिक वाचनालय ३ फेब्रुवारी १८६४ रोजी सुरू झाले, सदाशिव मोरेश्वर साठे यांच्या पुढाकाराने. हे साल मुद्दाम लक्षात ठेवावे असे आहे. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे तिकडचा कापूस इंग्लंडात येईनासा झाला होता, इकडच्या कापसाला सोन्याचा भाव होता आणि मुंबईत पैशाचा पूर आला होता. त्याच १८६४ साली प्रेमचंद रायचंद यांनी मुंबई विद्यापीठाला ग्रंथालयासाठी दोन लाख रुपये आणि पाठोपाठ मनोऱ्यासाठी आणखी दोन लाख दिले. पुढच्याच वर्षी शेअरबाजार कोसळला आणि खुद्द प्रेमचंदही बुडाले. पण दिलेले पैसे वाचले. त्यातून उभा राहिलेला राजाबाई टॉवर १८७८ मध्ये पूर्ण झाला. डेव्हिड ससून यांनी दिलेल्या साठ हजारांतून काळ्या घोड्याजवळचे वाचनालय १८७० मध्ये उभे राहिले, तेही याच धर्तीवर. मुंबईपासून तीस-पस्तीस मैलांवरच्या कल्याणला असा एकही दाता मिळाला नाही. तिथे होती ती गावातली नोकरदार आणि व्यापारी घरे आणि त्यांची वर्गणी. तरीही दीडशेहून अधिक वर्षांनी कल्याणचे वाचनालय चालू आहे.

मोठ्या देणगीला नावे ठेवण्याचा हेतू नाही. पण मोठी देणगी बहुधा भिंतींना मिळते. अमेरिकेतले पोलादसम्राट अँड्र्यू कार्नेगी यांनी १८८३ पासून जगभरात अडीच हजारांवर ग्रंथालयांच्या इमारती बांधून दिल्या. त्यांची एक अट मात्र पक्की व्यापाऱ्याची होती : इमारत मी देतो, पण जागा गावाची, आणि इमारतीच्या खर्चाच्या एक दशांश इतकी रक्कम गावाने दरवर्षी ग्रंथालय चालवण्यासाठी काढली पाहिजे. ही अट न मानणाऱ्या गावांना पैसे मिळाले नाहीत. दिवाबत्तीचा खर्च हाच खरा खर्च आहे, हे त्यांनी ओळखले होते. आपल्याकडे कोनशिला बसवणाऱ्यांनी अशी अट घातल्याचे क्वचितच आढळते.

आता नौपाड्याच्या अगदी शेजारच्या गोष्टीकडे येतो. १ जून १८९३ रोजी ठाण्यात मराठी ग्रंथसंग्रहालय स्थापन झाले. विनायक लक्ष्मण भावे आणि विष्णू भास्कर पटवर्धन ही त्यामागची प्रमुख नावे. भावे तेव्हा जेमतेम एकवीस वर्षांचे होते. पुढे १८९८-९९ मध्ये 'ग्रंथमाला' मासिकातून त्यांचे 'महाराष्ट्र सारस्वत' प्रसिद्ध होऊ लागले, आणि आज त्यांची ओळख त्या ग्रंथावरूनच दिली जाते. विज्ञान शिकलेला आणि मिठाच्या धंद्यात असलेला हा माणूस जुन्या पोथ्यांच्या मागे कसा लागला हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. मला इथे त्यांच्या कल्पनेतला एक बारकावा सांगायचा आहे. आधीच्या नेटिव्ह लायब्रऱ्यांत इंग्रजी पुस्तकांचा मान मोठा होता, मराठी पुस्तके असलीच तर कडेला. भावे-पटवर्धनांनी ठरवले की छापलेले मराठी पुस्तक, चांगले असो वा सुमार, ते जमा झालेच पाहिजे. म्हणजे हे नुसते वाचनालय नव्हते, संग्रहालय होते. नावातच तसे आहे.

पण संग्रह करायचा कसा? १८६७ च्या कायद्याने प्रत्येक छापील पुस्तकाच्या प्रती सरकारकडे द्याव्या लागत. त्या सरकारदप्तरी जात. ठाण्याच्या एखाद्या खासगी संस्थेचा त्यांवर काडीचा हक्क नव्हता. स्वातंत्र्यानंतर १९५४ च्या कायद्याने प्रकाशकांनी ठरावीक ग्रंथालयांना प्रती पाठवणे बंधनकारक झाले. त्यांत कोलकाता, मुंबई, चेन्नई, दिल्ली आहेत. ठाणे अर्थातच नाही. विकत घेऊन सगळे मराठी वाङ्मय जमवायचे तर तेवढा पैसा नाही. उरला एकच मार्ग : मागायचे. लेखकाकडे मागायचे, छापखानेवाल्याकडे मागायचे, ज्यांच्या माळ्यावर वडिलांच्या पेट्या आहेत त्यांच्याकडे मागायचे. मराठीतला मुद्रित वारसा जो काही आपल्या हाती राहिला, त्याचा मोठा भाग असा मागून आणि देऊन राहिला आहे. ठाण्याच्या मागोमाग १८९८ मध्ये मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय आणि १९११ मध्ये पुणे मराठी ग्रंथालय निघाले, तेव्हा त्यांच्यापुढेही हाच मार्ग होता.

या देण्याचे मोल कशात दिसते? शंकर गणेश दाते यांच्या 'मराठी ग्रंथसूची'त. १८०० ते १९३७ या काळातल्या मराठी पुस्तकांची ही सूची १९४३ मध्ये प्रसिद्ध झाली, पुढचा खंड १९६१ मध्ये. मराठी पुस्तकांच्या इतिहासावर काम करणारा कुणीही तिच्यावाचून एक पाऊल टाकू शकत नाही. अशी सूची करायची तर पुस्तक कुठेतरी असावे लागते, आणि ती होती ती असल्या ग्रंथसंग्रहालयांच्या कपाटांत, कुणीतरी कधीतरी देऊन टाकलेली. सूचिकाराचे आडनावच दाते असावे, हा योगायोग मला नेहमी सुखावतो.

कार्यक्रम करून पैसे उभे करणे आपल्याला ठाऊक नव्हते असे मुळीच नाही. मराठी रंगभूमीने तर ही कला शिगेला नेली होती. ८ जुलै १९२१ रोजी बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांनी टिळक स्वराज्य फंडासाठी 'संयुक्त मानापमान' केले. त्या एका रात्रीची आठवण शंभर वर्षांनंतरही सांगितली जाते. शाळा, वसतिगृहे, देवळे, पूरग्रस्त, सगळ्यांसाठी मदतीचे प्रयोग झाले. वाचनालयांनीही ते केले. पण प्रयोगाचे गणित समजून घेतले पाहिजे. नाट्यगृहाचे भाडे, कंपनीची बिदागी, जाहिरात, तिकिटे खपवण्यासाठी महिनाभर दारोदार फिरणारे पाच-सात कार्यकर्ते आणि शेवटी हातात शिल्लक. एखाद्या आपत्तीसाठी, एखाद्या इमारतीसाठी हे ठीक आहे, कारण ती गरज एकदाची असते. वाचनालयाची गरज एकदाची नसते. जूनमध्ये छत गळते, ऑक्टोबरात वाळवी लागते, आणि वर्तमानपत्रवाला दर महिन्याच्या सात तारखेला दारात उभा असतो. त्यातून वाचनालयाचे कार्यकर्ते म्हणजे दिवसभर नोकरी करून संध्याकाळी दोन तास देणारी माणसे. ती महिनाभर तिकिटे विकत फिरली की तेवढे दिवस देवघेवीच्या खिडकीत कुणी नसते. मागच्या पानावरच्या एकशे एक रुपयांना मात्र नाट्यगृह लागत नाही, मांडव लागत नाही, प्रमुख पाहुणेही लागत नाहीत. पावतीपुस्तक लागते, बस्स.

आजचा नौपाडा कार्यक्रमांच्या बाबतीत भलताच श्रीमंत आहे. दिवाळीच्या पहाटे राम मारुती रस्त्यावर पाय ठेवायला जागा नसते, तशीच ती डोंबिवलीच्या फडके रस्त्यावरही नसते. गाण्याच्या मंचामागे पुरस्कर्त्यांच्या नावांचा फलक असतो. पुरस्कर्त्याला गर्दी हवी असते, त्यात गैर काही नाही. त्याने पैसे त्यासाठीच दिलेले असतात. वाचनालयात गर्दी नसते. तिथे शांतता राखण्याचीच पाटी असते! साहित्य संमेलनांचेही तेच. ठाण्यात १९६०, १९८८ आणि २०१० अशी तीन अखिल भारतीय संमेलने झाली, डोंबिवलीत २०१७ मध्ये एक झाले. संमेलनासाठीचे सरकारी अर्थसाहाय्य पूर्वी २५ लाख होते, ते पुढे ५० लाख झाले आणि आता २ कोटींवर गेले आहे. तीन दिवसांच्या उत्सवाबद्दल मला असूया नाही, मी स्वतः त्या मांडवांत हौसेने हिंडलो आहे. मात्र त्याच राज्यातल्या ग्रंथालयांचे अनुदान २०१२ नंतर जागचे हलले, तेव्हा मध्ये दहा वर्षे गेली होती.

त्या अनुदानाविषयी थोडे सांगायला हवे, कारण 'सरकार देते की, मग देणगी कशाला?' हा प्रश्न हमखास येतो. सरकारी पैसा आणि लोकांचा पैसा यांची सांगड घालण्याचा सर्वांत विचारपूर्वक प्रयोग मराठी माणसानेच केला, पण महाराष्ट्राबाहेर. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी १९१० मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून संस्थानभर ग्रंथालयांचे जाळे विणायला घेतले. त्या योजनेतला गाभा असा होता : गावाने जितकी रक्कम जमवली तितकीच प्रांत पंचायतीने द्यायची आणि तितकीच दरबाराने. लोकांचा एक तृतीयांश आधी, मग बाकीचे दोन. राजाची इच्छा कितीही असली तरी गावाने आधी स्वतःच्या खिशात हात घातला पाहिजे, असा तो सौदा होता. जिथे गावाने पैसा काढला, तिथे वाचनालयाचे पुढे काय होते याची चौकशीही गावानेच केली.

महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ मध्ये झाला. मद्रासने १९४८ मध्येच ग्रंथालयासाठी मालमत्ताकरावर उपकर बसवला होता. म्हैसूर राज्यानेही १९६५ च्या कायद्यात तेच केले. महाराष्ट्राने उपकर बसवला नाही. इथे आधीपासून लोकांनी चालवलेली वाचनालये होती. सरकारने त्यांना मान्यता द्यायची, अ-ब-क-ड अशी वर्गवारी करायची आणि अनुदान द्यायचे, असा मार्ग निवडला गेला. याचा चांगला परिणाम असा की वाचनालये सरकारी कचेऱ्या झाली नाहीत आणि आज राज्यात अकरा हजारांच्या आसपास मान्यताप्राप्त ग्रंथालये आहेत. वाईट परिणाम असा की त्यांच्यासाठी राखून ठेवलेला स्वतंत्र कर कुठेच नाही. अनुदान वाढायचे तर मंत्रालयाच्या मर्जीची वाट पाहायची. २०१२ नंतर थेट २०२२-२३ मध्ये ६० टक्के वाढ झाली. अनुदानाचा निम्मा भाग पगारांवर जातो, आणि तरीही लहान गावातल्या ग्रंथपालाचा पगार सांगायला लाज वाटावी इतकाच असतो. हप्ता उशिरा आला तर तोही थांबतो. अशा महिन्यांत तो पगार मागच्या पानावरच्या पैशांतून निघतो.

म्हणजे देणगी हवीच. पण कशी, हा खरा तिढा आहे, आणि त्याबद्दल वाचनालयांच्या बाहेर फारसे बोलले जात नाही.

आपल्याकडची रूढ पद्धत कायम निधीची. कुणी दहा हजार रुपये देतो आणि सांगतो, मुद्दलाला हात लावू नका, व्याजातून दरवर्षी वडिलांच्या नावे पुस्तके घ्या. १९९५ च्या सुमारास बँकेच्या मुदत ठेवीवर बारा टक्क्यांच्या आसपास व्याज मिळे. वर्षाला बाराशे रुपये. शंभर रुपयांना एक धरली तर बारा कादंबऱ्या कपाटात येत. २०२१ मध्ये हेच व्याज साडेपाच टक्क्यांच्या खाली होते. वर्षाला पाचशे चाळीस रुपये, आणि कादंबरी साडेतीनशेची. दात्याची अट शब्दशः पाळली जाते, मुद्दल सुरक्षित आहे, लेखापरीक्षकाचा शेरा स्वच्छ आहे. फक्त बारा पुस्तकांची दीड पुस्तके झाली आहेत. आजीव सभासदत्वाचेही तसेच. पंचवीस वर्षांपूर्वी हजार रुपये भरून आजीव झालेला वाचक आज दर आठवड्याला हक्काने नवी पुस्तके नेतो, आणि त्याच्या हजार रुपयांचे व्याज एका दिवाळी अंकालाही पुरत नाही. मुद्दल अमर करण्याच्या नादात आपण देणगीची धार घालवली, असे माझे मत आहे. मी एका कार्यवाहांना हे म्हटले तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "खरं आहे, पण मुद्दल खर्चायची मुभा द्या म्हणून दात्याला सांगणार कोण? तो गेला." आणि विषय संपला.

दुसरा प्रकार पुस्तकरूप देणगीचा. भाव्यांच्या काळी हीच संग्रहाची जीवनवाहिनी होती. आज नौपाड्यात तिचे रूप पालटले आहे. घंटाळी, विष्णूनगर, गोखले रस्ता या भागांतल्या जुन्या तीन-चार मजली इमारती एकेक करून पुनर्विकासाला जात आहेत. इमारत रिकामी करायची तारीख आली की पहिली अडचण होते ती पुस्तकांची. भाड्याच्या तात्पुरत्या घरात जागा नाही, नव्या घराच्या नकाशात भिंतीतले कपाट नाही, मुलगा परदेशात. मग गोण्या भरतात आणि जवळच्या वाचनालयाकडे फोन जातो. त्या गोण्यांत बहुतेक तेच असते जे कपाटात आधीच चार-चार प्रतींत आहे : त्याच लोकप्रिय ऐतिहासिक कादंबऱ्या, तीच गाजलेली आत्मचरित्रे, शिवाय जुनी पाठ्यपुस्तके आणि गाइडे. वाचनालयाला 'नको' म्हणता येत नाही, कारण देणाऱ्याचा गळा दाटलेला असतो. घेतले तर ठेवायला जागा नाही, नोंदवायला माणूस नाही. पुढे त्यांतली बरीच रद्दीत जातात, आणि ते दात्याला कळले तर अनर्थ. क्वचित मात्र अशाच गोणीत एखादे १९०५ चे किर्लोस्करपूर्व काळातले मासिक, एखादी नाटक कंपनीची पदावली, एखादा जातिसंस्थेचा जुना अहवाल सापडतो, जो कुठल्याच सूचीत नाही. ते ओळखायला गोणी उपसणारा जाणता माणूस लागतो. त्याचा पगार कुणी स्मरणार्थ देत नाही. कपाटावर नाव घालता येते, पंख्याच्या पात्यावरसुद्धा घालतात; ग्रंथपालाच्या पगारावर कसे घालणार?

इथेच माझा सगळा रोख आहे. २०२० मध्ये टाळेबंदीमुळे वाचनालये मार्चपासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत बंद राहिली. वर्गणी थांबली, विजेचे किमान बिल थांबले नाही. त्या काळात माझ्या ओळखीच्या एका लहान वाचनालयाने (नाव सांगत नाही, सांगितलेले त्यांना आवडणार नाही) सभासदांना एक साधा निरोप धाडला : यंदा कार्यक्रम नाही, सत्कार नाही, स्मरणिका नाही, जमेल ते पाठवा, हे पैसे पगाराला आणि विजेला लागणार आहेत. स्मरणिकेच्या जाहिराती गोळा करताना जेवढे फिरावे लागे त्याच्या दहावा भागही फिरावे लागले नाही. पैसे आले. फार नाही, पण वर्ष निभले. आणि त्यावर कुणाचेही नाव कोरलेले नव्हते.

पुढच्या वर्षी कार्यकारिणीत पुन्हा स्मरणिकेचा विषय निघाला. काहींना ती हवी होती, कारण संस्थेचे अस्तित्व दिसले पाहिजे. त्यांचेही बरोबर होते. शेवटी स्मरणिका आठ पानांची काढायची आणि तिच्या शेवटच्या पानावर पगार, वीज, बांधणी, वाळवी-प्रतिबंध यांचे खर्च आकड्यांनिशी छापायचे ठरले. त्या चारांपैकी कोणता खर्च कोण उचलतो, ते पुढच्या ओळीत.

आता दिवाळी अंकांची योजना सुरू होईल. १९०९ मध्ये का. र. मित्रांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून ही चाल पडली आणि वाचनालयांना वर्षातून एकदा हमखास जमेची बाजू मिळाली. अंकांसाठी वेगळी वर्गणी भरायची, संक्रांत उलटेपर्यंत अंक फिरवत राहायचे. वर्षभर न फिरकणारे सभासद या तीन महिन्यांत येतात. नौपाड्यातल्या काही घरांत अजून दोन वाचनालयांची ही वर्गणी भरली जाते, एकीकडे न मिळालेला अंक दुसरीकडे मिळावा म्हणून. हा अंकही तसाच फिरेल. फेब्रुवारीत त्याचे मुखपृष्ठ सुटलेले असेल, मधली दोन पाने चिकटपट्टीने जोडलेली असतील, आणि ती चिकटपट्टी किरकोळ खर्चाच्या रकान्यात मांडलेली असेल.